जोखीम कोणाची?
(प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27)

प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. अग्रिप्पा राजासमोर पौलाने केलेले भाषण उपदेशक मोठ्या आवेशाने सांगतात, आणि मग तारू, शिडे, नांगर व खोली मोजण्याच्या दोऱ्या आल्या की पाने उलटून पुढे जातात. ज्या गावांत भर पावसाळ्यातही ओढ्यास पूर येईल की नाही याची शंका, तेथील लोकांस समुद्राचे काय, असे त्यांस वाटत असावे. परंतु आम्हांस तर हा अध्याय नगर, बीड व सोलापूर या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यासाठीच लिहिला की काय असे पुष्कळदा वाटले आहे. कारण त्यात गव्हाचा माल आहे, टळत चाललेला हंगाम आहे, नफ्याची आशा आहे, जाणत्या लोकांची मसलत आहे. आणि ज्यांस त्या मसलतीत कोणी विचारले नाही अशी पुष्कळ माणसेही त्याच तारवात बसलेली आहेत.

आधी वृत्तांत नीट पाहू. पौल बंदिवान होता व युल्य नावाच्या शताधिपतीच्या हवाली होता. आलेक्सांद्रियाचे एक मोठे तारू इटलीस चालले होते, त्यात त्यांस चढविण्यात आले. त्या काळी रोम शहराचे पोट मिसर देशाच्या गव्हावर भरत असे, आणि या तारवातही गहूच होता. वारा समोरचा, त्यामुळे दिवस फुकट गेले. कसेबसे ते क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सुंदर बंदर म्हणून जे ठिकाण आहे तेथे पोहोचले. तोपर्यंत प्रायश्चित्ताचा उपवास होऊन गेला होता, असे लूक मुद्दाम नोंदवितो. ही केवळ तिथी नव्हे. तो उपवास सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरात येतो. आणि त्या समुद्रावर सप्टेंबरच्या मध्यापासून प्रवास धोक्याचा व नोव्हेंबरच्या मध्यापासून जवळजवळ बंदच समजत असत. आमच्याकडे मृग गेला, आर्द्रा गेली असे म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोटात जसा गोळा येतो, तसाच तो शब्द त्या खलाशांच्या कानी लागत असावा.

तेव्हा पौल म्हणाला की, या प्रवासात मालाचे, तारवाचे व आपल्या जिवाचेही मोठे नुकसान होईल असे मला दिसते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे बोलताना पौलाने देवदूताचा किंवा दर्शनाचा हवाला दिला नाही. देवदूताचे दर्शन त्यास पुढे वादळात झाले. या वेळी तो अनुभवाने बोलत होता; कारण करिंथकरांस याआधीच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की, आपले तारू तीन वेळा फुटले व एक अहोरात्र आपण समुद्रात काढले. असा मनुष्य ऋतू पाहतो, आभाळ पाहतो आणि थांबा म्हणतो. ज्यास विश्वासाचा प्रेषित म्हणून आम्ही मानितो, त्यानेच येथे सर्वांत आधी सावधगिरीचा शब्द काढिला.

त्याचे ऐकले नाही. तांडेल व तारवाचा धनी यांच्या बोलण्यावर शताधिपतीने अधिक भरवसा ठेविला. आणि ते स्वाभाविकच होते, कारण एक धंद्यातला जाणता व दुसरा मालाचा मालक. बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, हेही खरे होते. बहुमत निघण्याच्या बाजूने पडले. शिवाय त्यांस फार दूर जावयाचे नव्हते. त्याच बेटाचे फेनिके नावाचे दुसरे बंदर गाठावयाचे होते, अंतर सुमारे 20 कोस. एका चांगल्या दिवसाचे काम! आणि लूक लिहितो की तेवढ्यात दक्षिणेचा वारा मंद मंद वाहू लागला, तेव्हा त्यांस वाटले की आता आपले काम झालेच.

बंधुभगिनींनो, या मंद वाऱ्याने जितकी घरे बुडविली आहेत, तितकी वादळाने बुडविली नाहीत. वादळ समोर दिसले तर मूर्खही तारू सोडीत नाही.

आता तारवाच्या धन्याकडे पाहू. त्यास एवढी घाई का होती? त्या काळच्या व्यापाराची एक हकीकत रोमी इतिहासात नमूद आहे. पौलाच्या या प्रवासापूर्वी काही वर्षे क्लौद्य कैसराने, रोम शहरात धान्याची टंचाई पडू नये म्हणून, हिवाळ्यातही माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांस असे वचन दिले होते की, वादळाने जे नुकसान होईल ते सरकार सोशील. म्हणजे माल पोहोचला तर चढा भाव व्यापाऱ्याचा, आणि बुडाला तर भरपाई कैसराची. अशा व्यवस्थेत वाढलेल्या धंद्यात हिंमत फार स्वस्त होते. परंतु तारवात 276 माणसे होती. त्यांच्या जिवाची भरपाई कैसराच्या कोणत्या खजिन्यात होती? बंदिवानांस तर निघावे की थांबावे हे कोणी विचारलेच नाही.

या अध्यायातून आम्हांस जी एक गोष्ट आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे ती हीच. आम्ही जोखीम घेताना नफा किती होईल हे विचारितो, फार तर तो होण्याचा संभव किती हे विचारितो. परंतु हे फसले तर कोणाचे जाईल, आणि त्या मनुष्यास आपण विचारिले आहे काय, हा प्रश्न आमच्या घरांत क्वचितच निघतो. मराठीत वजन करण्यास जोखणे म्हणतात. जोखीम हा शब्द त्यातूनच आला की नाही हा पंडितांचा वाद असो. परंतु जी जोखलेली नाही ती जोखीम उचलू नये, एवढे तर कोणत्याही बाजारकऱ्यास कळते.

याच आमच्या देशात घडलेले एक मोठे उदाहरण घ्या. 1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण अशा दोन पक्षांत युद्ध पेटले. विलायतेतील लँकेशायरच्या गिरण्या मुख्यत्वे अमेरिकेच्या कापसावर चालत. तो बंद पडताच त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड व गुजरात येथील कापसास कधी न ऐकलेले भाव आले. मुंबईत इतका पैसा ओतला गेला की तो ठेवावा कोठे हे लोकांस कळेना. मग रोज नव्या कंपन्या व नव्या पेढ्या उघडू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीच्या भागास दर्शनी रकमेच्या अनेकपट किंमत आली. व्यापारी, कारकून, वकील सर्वच वायद्याचे सौदे करू लागले. आणि बँक ऑफ बॉम्बे हीही भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देत सुटली. दक्षिणेचा वारा मंद वाहत होता!

1865 च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शस्त्र खाली ठेविले. युद्ध संपले ही खरे पाहता आनंदाची वार्ता. गुलामांची सुटका करणारी वार्ता. परंतु मुंबईस ती काळासारखी आली. कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा पुष्कळशा वायद्यांचा चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे देण्यास कोणाजवळ काही नव्हते, कारण प्रत्येकाचे घेणे दुसऱ्या तशाच मनुष्याकडे अडकलेले होते. बँक ऑफ बॉम्बे 1868 साली मोडीत निघाली.

ही गोष्ट मुंबईतच संपली असती तर ती आम्ही येथे काढिली नसती. परंतु तेजीच्या काळात दख्खनच्या खेड्यांतही पैसा खेळत होता, आणि सावकार रोखा लिहून घेऊन पाहिजे तेवढे देत होता. भाव उतरले, सरकारच्या नव्या मोजणीने कित्येक तालुक्यांत सारा वाढला, आणि हात आखडलेल्या सावकाराने जुने रोखे कोर्टात नेले. जमिनी गेल्या. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणबी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून वह्या व रोखे जाळले. आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. या दंग्याचे कारण केवळ कापूस होता असे आम्ही म्हणत नाही. कारणे पुष्कळ होती. परंतु तेजीत काढिलेले कर्ज मंदीत फेडावे लागते, हे त्या वर्षांत हजारो घरांनी आपल्या जमिनी देऊन शिकून घेतले. आणि मुंबईत भागांचा जुगार ज्यांनी खेळला, त्यांच्यात सुप्याचा कुणबी कोठेही नव्हता.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, एका बंधूजवळ तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले व त्याचा कांदा चांगल्या भावाने गेला. या बंधूने दरमहा शेकडा 3 दराने एक लाख रुपये खाजगी कर्ज काढिले. तीन रुपये शेकडा ऐकावयास हलके वाटते. वर्षाचे व्याज मात्र 36,000 रुपये होते, व मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. पाणी लागले तर ठीक. न लागले तर तो काय विकेल? हा प्रश्न त्याने यंत्र शेतात आणण्यापूर्वी विचारला पाहिजे. तो म्हणेल की, आमच्या शिवारात पुष्कळांस पाणी लागले आहे. होय, परंतु ज्यांस लागले त्यांच्याच गोष्टी पारावर ऐकू येतात. ज्यांची भोके कोरडी गेली ते पारावर येऊन बसत नाहीत, ते ऊसतोडीस गेलेले असतात.

त्याच्याजवळ गाठीस एक लाख रुपये असते व ते बुडूनही घरात वर्षाचे धान्य राहिले असते, तर आम्ही त्यास अडविले नसते. तेच भोक, तेच पाणी, तीच आशा. परंतु एका मनुष्यास ते धाडस होय व दुसऱ्यास सर्वनाश होय. म्हणून शेजाऱ्याने केले ते मी का करू नये, हा तर्क चुकीचा आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, नाही तर पाया घालून काम थांबेल व लोक हसतील, असा त्याचा आशय. प्रभू तेथे शिष्यपणाची किंमत शिकवीत होता हे खरे. परंतु ज्या गोष्टीवरून तो शिकवितो ती त्याने शहाणपणाची म्हणूनच निवडली आहे.

आणि पत्नीचे काय? पुष्कळ घरांत असे घडते की, डाग गहाण पडतात तेव्हा घरच्या बाईस कळतही नाही. कळते ते सोडविण्याची मुदत टळल्यावर. मुलीची शाळा सुटते ती त्याच कर्जापायी. या त्या तारवातील बंदिवान होत. पुरुषाने कर्ज घेतले, तो कदाचित निराश होऊन घर सोडून जाईल किंवा त्याहूनही भयंकर काही करील. वसुलीचा मनुष्य मात्र दारात तिच्यापुढे येऊन उभा राहतो. ज्याच्या ताटातील भाकरी तुम्ही डावावर लावीत आहा, त्यास आधी विचारा. ख्रिस्ती विवाहाच्या वेळी जी वचने दिली जातात, त्यांत हेही येते असे आम्ही समजतो.

जामिनकीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मंडळीत बंधुभावाच्या नावाने जी घरे बुडतात, त्यांतील पुष्कळ या दारातून बुडतात. एक बंधू येतो व म्हणतो, दादा, नुसती सही पाहिजे, देणे मीच देणार. ही सही नुसती नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या दारी जावे आणि मगच जामिनाकडे यावे असाही नियम नाही. नीतिसूत्रांत शलमोन या बाबतीत फार कठोर आहे. हरिणाने पारध्याच्या हातून सुटावे तसे सुटून जा असे तो शिकवितो, आणि फेडावयास काही नसताना जामीन राहणाऱ्याचे अंथरूणही ओढून नेले जाईल असा इशारा देतो.

मग जामीन राहूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. यहूदा आपल्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाजवळ जामीन राहिला. आणि पौलाने पळून गेलेल्या अनेसिमाविषयी फिलेमोनास लिहिले की, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन. पण पौलाची ती रीत पाहा. मनुष्य कोण हे त्यास ठाऊक होते, आणि मी फेडीन हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. दुसरा फेडील अशा भरवशावर लिहिले नाही. तेव्हा ज्याच्यासाठी तुम्ही सही करिता, ती रक्कम त्यास देणगी म्हणून देण्याची तुमची ऐपत व इच्छा आहे काय, हे स्वतःस विचारावे. असेल तर खुशाल करावी. नसेल तर प्रेमाने, पण स्पष्टपणे, नाही म्हणावे. आणि त्याच्याबरोबर बसून त्याचे कर्ज कमी कसे होईल हे पाहावे. ते बंधुत्व अधिक महाग आहे, कारण त्यात सहीपेक्षा वेळ फार जातो.

उपदेशक बंधूंस येथे एक निराळी सूचना करावीशी वाटते. दामदुप्पट करून देणाऱ्या योजना गावात येतात तेव्हा त्या पुष्कळदा उपासनेनंतर, देवळाच्या अंगणातच येतात. आणणारा मंडळीतला असतो, प्रार्थना चांगली करितो, आणि तुमच्या शेजारी बसून चार घरांस भेटी देऊ इच्छितो. त्याच्याबरोबर जाऊ नका. तुमच्यावर लोकांचा जो विश्वास आहे तो प्रभूच्या कामासाठी दिलेला आहे; तो दुसऱ्याच्या धंद्यास तारण म्हणून देण्याचा तुम्हांस अधिकार नाही. ठेवीविषयी लोकांनी विचारले तर एवढे ठाम सांगावे: नोंदलेल्या बँकेत, सहकारी बँकेतही, एका ठेवीदाराच्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस फेब्रुवारी 2020 पासून विम्याचे संरक्षण आहे, त्यापूर्वी ते 1 लाख होते. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. पाटी सारखी दिसते, काउंटर सारखे दिसते, व्याज थोडे अधिक मिळते. परंतु बँक व पतसंस्था यांत हा भेद आहे, आणि तो वृद्ध विधवेस कोणी तरी आधीच सांगितला पाहिजे.

आमच्या काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात या ठिकाणी शंका आली असेल. विमा उतरणे, भविष्याचा हिशोब करणे, हा अविश्वास नव्हे काय? देव पाहून घेईल! आम्ही हे वाक्य पुष्कळ ऐकतो, आणि ते म्हणणाऱ्यांत काही खरोखर भक्त आहेत हेही जाणतो. त्यांस आम्ही प्रथम मंदिराच्या शिखराची आठवण देतो. तेथे सैतानाने प्रभूस खाली उडी टाकण्यास सांगितले, आणि देवदूत झेलतील म्हणून शास्त्रवचनही पुढे केले. प्रभूने उडी टाकिली नाही. बापावर त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? देवाची परीक्षा पाहू नये, हे त्याचे उत्तर होते.

दुसरे असे की, मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा अशी आज्ञा आहे. न केल्यास, कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. आमच्या मराठवाड्यातील धाब्याच्या घरांत उन्हाळ्यात वर निजणाऱ्यांस या आज्ञेचे मर्म सांगावयास नको. देव इस्राएलाचा राखणदार होता, तो डुलकी घेत नव्हता, आणि तरीही त्याने कठडा बांधण्यास सांगितले. आणि पडणाऱ्याच्या चुकीबद्दल न विचारिता घरधन्यास जबाबदार धरिले. आपल्या गावच्या किती विहिरींस आज कठडा नाही? शेतात उघडी वायर टाकून रात्री पाण्याची मोटार चालविणे, एका मोटारसायकलीवर चौघे बसून जत्रेस जाणे, फवारणीचे औषध पाण्याच्या बाटलीत भरून फळीवर ठेवणे, यांत आम्हांस विश्वास मुळीच दिसत नाही.

विम्याची तर गोष्टच पाहण्यासारखी आहे, कारण त्याच्या इतिहासात पाळकांचा हात आहे. स्कॉटलंडच्या मंडळीत पाळक मेला की त्याची विधवा व लेकरे राहत्या घरातून निघत व उघड्यावर पडत. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी, एडिंबरो येथील गणिताचे अध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या साहाय्याने, 1744 साली विधवांसाठी एक निधी उभा केला. त्यांनी अमुक पाळक केव्हा मरेल असा प्रश्न केला नाही; तो देवाच्या हाती आहे. त्यांनी असे विचारिले की, मंडळीत सरासरी 930 पाळक असताना वर्षास किती मरतील? हिशोबाने 27 आले, आणि त्यांपैकी 18 जण विधवा मागे ठेवतील असे निघाले. त्यावरून प्रत्येकाची वर्गणी ठरली. कोणाची पत्नी विधवा होणार हे कोणासच ठाऊक नव्हते. परंतु जी होईल तिचा भार सर्वांनी आधीच वाटून घेतला. एकमेकांची ओझी वाहण्याचे जे शिक्षण गलतीकरांच्या पत्रात आहे, त्याचे हे अंकगणित होय.

(या हिशोबास आधार म्हणून जी मृत्यूंची कोष्टके घेतली, ती ब्रेस्लाव शहरातील नोंदींवरून एडमंड हॅली या ज्योतिषशास्त्रज्ञाने 1693 साली केली होती, आणि त्या नोंदी गोळा करून पाठविणारा कास्पर नॉयमान हाही पाळकच होता. आमच्या उपदेशकांनी बाप्तिस्म्याच्या व मरणाच्या नोंदवह्या कशा ठेवाव्या, यावर आणखी काय लिहावे!)

आजच्या खेडुतास ही सोय कठीण नाही. सरकारच्या अपघात विम्यास 2022 पासून वर्षाला 20 रुपये व जीवन विम्यास 436 रुपये बँकेच्या खात्यातून जातात. रक्कम प्रत्येकी 2 लाख. पहिला 18 ते 70 वर्षांच्या मनुष्यास मिळतो, दुसऱ्यात 50 वर्षांच्या आत नाव घालावे लागते. वारसाचे नाव बरोबर लिहिले आहे काय, आणि कपातीच्या दिवशी खात्यात तेवढी शिल्लक असते काय, हे पाहावे. पुष्कळ विधवांचे दावे एवढ्यासाठीच अडतात. पिकाचा विमाही काढावा. 2016 साली सुरू झालेल्या योजनेत शेतकऱ्याचा वाटा खरिपाच्या धान्यास व गळितास विमा रकमेच्या शेकडा 2, रब्बीस दीड, आणि नगदी व फळपिकास 5 पर्यंत ठेविला आहे. महाराष्ट्रात 2023 पासून केवळ 1 रुपयात तो मिळत असे. ती सवलत 2025 साली बंद झाली, म्हणून कित्येकांनी विमाच सोडून दिला. तसे करू नये. परंतु एक गोष्ट समजून घ्यावी. नुकसान मुख्यत्वे तुमच्या बांधावरून नव्हे, तर महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. तुमचे रान वाळले व इतरांचे पिकले, तर हाती काही न येण्याचा संभव आहे. तेव्हा विम्याची पावती पेटीत आहे म्हणून घरातील धान्याची कणगी रिकामी करू नये. योसेफाने मिसर देशात सुकाळाची सात वर्षे पाचवा हिस्सा कोठारात भरला. पाऊस पडेल की नाही याची त्यास शंका नव्हती, तो पडणार नाही हे देवानेच त्यास कळविले होते, आणि तरी त्याने कोठारेच बांधली. आणि उपदेशकाच्या पुस्तकात आपला वाटा सात-आठ ठिकाणी करावा असे जे शिक्षण आहे, ते सगळे रान एकट्या सोयाबीनने भरणाऱ्याने वाचून पाहावे. थोडी तूर, थोडी ज्वारी, दोन शेळ्या, यांत कोणी श्रीमंत होत नाही. परंतु एकाच रात्रीच्या गारपिटीत सर्व जातही नाही.

इतके लिहिल्यावर कोणी असे समजेल की आम्ही भित्रेपणा शिकवितो. तो समज दूर केला पाहिजे. तोड्यांच्या दृष्टांतात ज्या दासाने आपला तोडा जमिनीत पुरून ठेविला, त्याने एक पैसाही बुडविला नाही, आणि तरी धन्याने त्यास दुष्ट व आळशी म्हटले. पेरणी हीच जोखीम आहे. पोटाचे दाणे मातीत टाकल्यावाचून कोणी कापणी केलेली नाही. मुलीस तालुक्याच्या गावी शिकावयास पाठविणे, धाकट्या भावाने सुतारकीची हत्यारे घेऊन नवा धंदा मांडणे, बचत गटातून दोन म्हशी घेणे, यांत भय आहे आणि तरी ती करावी. ज्या गोष्टी फसल्या असता मनुष्य पुन्हा उभा राहू शकतो, त्यांत धाडस करण्यास आम्ही कोणास रोखणार नाही. ज्यात एकच ठोकर बसली की घर, जमीन व लेकरे सर्व एकदम जातात, तेथे मात्र नफा कितीही मोठा सांगितला तरी पाय मागे घ्यावा.

आता पुन्हा तारवाकडे. वादळ आले. चौदा रात्री ते शेकडो कोस भरकटले. सूर्य नाही, तारे नाहीत. तेव्हा देवदूताने पौलास सांगितले की, तुझ्याबरोबरच्या सर्वांचे प्राण वाचतील. हे देवाचे वचन होते व त्यात बदल होणार नव्हता. पण पुढे काय घडले? जमीन जवळ आल्याचा वास लागताच खलाशांनी दोरीने खोली मोजली, वीस वाव भरली, थोड्या वेळाने पंधरा. मग वरामाच्या बाजूने चार नांगर टाकिले. नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी होडीतून पळू लागले, तेव्हा तोच पौल, ज्याच्या कानात वचन ताजे होते, शताधिपतीस म्हणाला की, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचन आहे म्हणून खलाशी नकोत, असे तो म्हणाला नाही. लोकांस त्याने जेवावयास लाविले, आणि मग गहू समुद्रात फेकून तारू हलके केले. ज्या गव्हासाठी थांबण्याचे नाकारले, तोच गहू! पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर तरंगत गेले. 276 पैकी एकही बुडाला नाही.

ते मिलिता बेटावर उतरले व तीन महिने तेथे राहिले. अठ्ठाविसाव्या अध्यायात लूक एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवितो, ती वाचकांच्या नजरेतून सहज निसटते. त्या बेटाच्या बंदरात आलेक्सांद्रियाचेच दुसरे एक तारू होते. त्याने सगळा हिवाळा तेथेच नांगर टाकून काढिला होता. ऋतू बदलताच ते निघाले, वाटेत सुराकूस येथे तीन दिवस थांबले, आणि दक्षिणेचा वारा सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी पुत्युलास पोहोचले. पौल त्यात बसून गेला.